तारीख वाचणार कोण?

भारतात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला १८:३० हा आकडा कधी ना कधी भेटतोच. लसीकरणाच्या फॉर्मवर बाळाची जन्मतारीख ५ जानेवारी २०२४ अशी भरलेली असते. डेटाबेसमध्ये पाहावं तर ४ जानेवारी, १८ वाजून ३० मिनिटं. ब्राउझरने ‘५ जानेवारी’चा अर्थ भारतातली ५ जानेवारीची मध्यरात्र असा घेतला, सर्व्हरकडे पाठवताना तिचं यूटीसीत रूपांतर केलं, साडेपाच तास वजा झाले आणि तारीख आदल्या दिवसावर गेली. पुढच्या कुठल्याशा प्रोग्रामने वेळेचा भाग बिनकामाचा म्हणून छाटला. दाखल्यावर ४ जानेवारी छापून आली.

यात यंत्राचं काही चुकलं नाही. त्याला प्रत्येक टप्प्यावर जे सांगितलं होतं तेच त्याने केलं. जन्मतारीख हा काळातला एक क्षण आहे की कॅलेंडरवरचा एक चौकोन, हे मात्र कोणीच ठरवलेलं नव्हतं. अशा वेळी सर्रास होणारा उपाय म्हणजे कोडमध्ये कुठेतरी साडेपाच तास मिळवून टाकणं. काही महिने सगळं ठीक चालतं. मग कोणीतरी सर्व्हरचा टाइम झोन बदलतो, किंवा दुसऱ्या टोकाला बसलेला प्रोग्रामर स्वतंत्रपणे तेच साडेपाच तास पुन्हा मिळवतो, आणि संध्याकाळी साडेसहानंतर केलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशीच्या म्हणून दिसू लागतात. रोगापेक्षा औषध भयंकर, त्यातला प्रकार.

हे पुस्तक तारीख-वेळेच्या फॉरमॅटबद्दल आहे, आणि तरी पहिली तीन प्रकरणं फॉरमॅटला हात लावत नाहीत. फॉरमॅट हा माझ्या मते शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी, जे लिहायचं आहे ते नेमकं काय आहे ते ठरवावं लागतं. बँकेतून पैसे वळते झाले तो एक क्षण. तो मुंबईत आणि टोरांटोत एकच असतो, फक्त घड्याळं वेगळी दिसतात. जन्मतारीख, विम्याची मुदत, परीक्षेचा दिवस या निव्वळ तारखा; त्यांना टाइम झोन चिकटवला की वर सांगितलेला घोटाळा होतो. आणि सकाळी आठला गोळी घेण्याची आठवण ही घड्याळातली वेळ. माणूस जिथे जाईल तिथल्या आठला ती वाजली पाहिजे. अनेक डेटाबेसांत आणि जुन्या प्रोग्रामिंग भाषांत या तिघांसाठी एकच खोका वापरला गेला. जावाचा मूळ ‘डेट’ वर्ग असाच होता, आणि जावास्क्रिप्टने १९९५ साली तो घाईघाईत उचलला, महिने शून्यापासून मोजण्याच्या सवयीसकट. जावाने २०१४ साली आठव्या आवृत्तीत तिघांना वेगळी घरं दिली. त्यासाठी जवळजवळ वीस वर्षं जावी लागली, यावरून हा भेद किती सहज नजरेआड होतो ते कळावं.

वस्तू ठरली की दुसरा प्रश्न: लिहिलेलं वाचणार कोण, यंत्र की माणूस? पुस्तकाचा उरलेला सगळा भाग या एका प्रश्नावर उभा आहे.

यंत्रासाठीचं उत्तर तसं लवकर सांगून होतं. ०५/०१/२०२४ हे पुण्यात ५ जानेवारी आणि न्यूयॉर्कमध्ये १ मे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं चार-दोन-दोन अंकांत लिहिलं तर ही शंका राहत नाही, शिवाय अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात. फाइलींची नावं २०२४-०१-०५ अशी सुरू करणाऱ्याला हा फायदा फुकट मिळतो. हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकाने १९८८ साली सांगितला, आणि भारतीय मानक ब्यूरोने तोच आयएस ७९०० म्हणून स्वीकारला आहे. आपल्या सरकारी अर्जांवर अजूनही दिवस-महिना-वर्ष असे चौकोन असतात याबद्दल माझी तक्रार नाही. ते माणसाने भरायचे असतात.

फक्त करारपत्रात किंवा तांत्रिक तपशिलात ‘तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे’ एवढंच लिहून थांबू नये. ते मानक फार ऐसपैस आहे. त्यात वर्षातला कितवा दिवस असं लिहिता येतं, आठवड्याच्या क्रमांकाने लिहिता येतं, मधल्या रेघा गाळता येतात, कालावधी लिहिता येतात. दिवसाच्या शेवटाला २४:०० म्हणण्याची मुभा २०१९ च्या आवृत्तीत काढली गेली आणि २०२२ च्या दुरुस्तीत परत आली. दोन कंपन्या दोघीही मानक पाळून एकमेकींचं वाचू शकत नाहीत, हे त्यामुळे सहज घडतं. जुलै २००२ मधला आरएफसी ३३३९ हा त्याचाच काटछाट केलेला, इंटरनेटसाठीचा अवतार. पूर्ण वर्ष, पूर्ण महिना, पूर्ण दिवस, वेळ, आणि यूटीसीपासूनचा फरक, यातलं काहीही गाळायची सोय नाही. २०२४-०१-०५टी१०:३०:००+०५:३० हे वाचताना कोणाला काही गृहीत धरावं लागत नाही. मी तरी कागदावर नेहमी आरएफसीचाच क्रमांक लिहितो.

(एक गमतीची गोष्ट. त्या आरएफसीत सेकंदाच्या जागी ६० हा आकडाही चालतो. १ जानेवारी २०१७ ला भारतीय वेळेनुसार पहाटे ५:२९:६० असा एक सेकंद खरोखर होऊन गेला. लीप सेकंदाची ती आजवरची शेवटची वेळ. ही पद्धत २०३५ पर्यंत गुंडाळायचं ठरलं आहे.)

यंत्राला काय हवं ते ठरलं तरी ते त्याला सांगायचं कसं, हा प्रश्न उरतो, आणि खरी पडझड इथे होते. प्रत्येक भाषेने यासाठी एक सांकेतिक लिपी तयार केली आहे. सी भाषेत टक्क्याच्या चिन्हामागे स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. जावात बरोबर उलटं: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. ओरॅकलला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतच नाही, म्हणून तिथे मिनिटांसाठी ‘एमआय’. मायएसक्यूएल आणि पीएचपीत मिनिटं म्हणजे ‘आय’. एकाच प्रकल्पात यांतल्या तीन लिप्या सुखाने नांदत असतात आणि लिहिणारा माणूस एकच असतो. ओरॅकलमध्ये वेळेच्या जागी कोणी सवयीने एमएम लिहिलं, तर तारीख वाचताना डेटाबेस निदान ओरडतो, की महिन्याची खूण दोनदा आली आहे. तारीख लिहून देताना मात्र तो अवाक्षर काढत नाही. जानेवारीभर सगळ्या वेळा ‘वाजून १ मिनिट’ अशा छापल्या जातात, आणि फेब्रुवारीत २ मिनिटं होईपर्यंत कोणाला शंकाही येत नाही.

या चुकांची खासियत हीच, की त्या बराच काळ बरोबर उत्तर देतात. जावात स्मॉल डी म्हणजे महिन्यातला दिवस आणि कॅपिटल डी म्हणजे वर्षातला दिवस. जानेवारीत लिहिलेला आणि जानेवारीत तपासलेला कोड कॅपिटल डी घेऊनही निर्दोष ठरतो. १ फेब्रुवारीला तो ३२ तारीख दाखवतो. स्मॉल एच बारा तासांचं घड्याळ, कॅपिटल एच चोवीस तासांचं. पहिलं वापरून सकाळ-दुपारची खूण विसरली, की दुपारी तीनची अपॉइंटमेंट पहाटे तीनला जाते. पण टेस्ट करणारा साधारण सकाळी अकराला टेस्ट करतो.

सगळ्यांत कपटी अक्षर कॅपिटल वाय. जावात स्मॉल वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष, कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबातलं वर्ष. आयएसओच्या नियमात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. १ जानेवारी २०१५ हा गुरुवार होता, म्हणून सोमवार २९ डिसेंबर २०१४ हा दिवस आठवड्यांच्या हिशेबाने २०१५ मध्ये जमा. कारखान्यांच्या नियोजनाला हा हिशेब सोयीचा आहे, पण तो नेहमीच्या महिना-दिवसाशी जोडला की भलतीच तारीख तयार होते. त्याच दिवशी ट्विटरच्या सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तरांवर २९ डिसेंबर २०१५ अशी तारीख पडू लागली, ताजे ट्वीट वर्षभर जुने दिसू लागले आणि अँड्रॉइडवरचे अनेक जण आपल्या खात्यातून बाहेर फेकले गेले. हीच आठवडा-वर्षाची खूण कुठेतरी शिरली असणार, असं जगभरच्या प्रोग्रामरांनी लगेच ओळखलं. तीनशे साठाहून जास्त दिवस बरोबर चालणारा आणि नेमका नाताळच्या सुट्टीत, सगळे गावाला गेलेले असताना, बिघडणारा कोड यापेक्षा खुबीने कोणाला लिहिता आला नसता.

गो भाषेने ही अक्षरांची लिपीच टाकून दिली. तिथे एक ठरलेला क्षण आहे: २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद, यूटीसीपेक्षा सात तास मागे. तो क्षण तुम्हाला हवा तसा लिहून दाखवा, बाकीच्या तारखा त्याच वळणाने लिहिल्या जातील. महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, झोन ७. कल्पना देखणी आहे. पण हा क्रम अमेरिकी आहे, आणि १ म्हणजे दिवस नसून महिना हे आपल्याकडच्या माणसाला प्रत्येक वेळी नव्याने आठवावं लागतं.

दोन अंकी वर्षाबद्दल इथे फार लिहीत नाही. सहस्रकाच्या शेवटी त्यावर पुरेशी शाई खर्च झाली. एवढंच सांगतो की तो प्रश्न संपलेला नाही. ‘६०’ हे वर्ष ओरॅकलच्या नेहमीच्या मांडणीत १९६० होतं आणि सी किंवा पायथनच्या प्रथेत २०६०. साठीतल्या पेन्शनरांची यादी एका यंत्रणेतून दुसरीत नेताना कोणी अजून जन्मलेलंच नाही असं निघू शकतं. तीच गत ३२ बिटांत मावणाऱ्या सेकंदांची. १९७० च्या आरंभापासून मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की त्या खोक्यात मावेनासे होतात. जुन्या मीटरांत आणि यंत्रांत ते खोके अजून आहेत.

आता माणसाकडे वळू, आणि तेही मराठी माणसाकडे. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची याचा जगातला मोठा साठा म्हणजे युनिकोडचा सीएलडीआर. फोन, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम सगळे तिथूनच घेतात. त्या साठ्यात हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी वळणाचे आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. त्यामुळे ब्राउझरला मराठीत तारीख मागितली की तो ५/१/२०२४ अशी देवनागरीत देतो, आणि हे मला मनापासून आवडतं. अडचण येते ती दोन वाचकांमधली भिंत पडली की. अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या ॲपमध्ये पुष्कळदा सर्व्हरकडे जाणारी तारीखही फोनच्या भाषेनुसार बनवली जाते, कारण प्रोग्रामरने वेगळं काही सांगितलेलं नसतं. इंग्रजी फोनवर सगळं सुरळीत चालतं. फोनची भाषा मराठी केली की तीच तारीख देवनागरी अंकांत रवाना होते, सर्व्हरला ते अंक म्हणून ओळखताच येत नाहीत, आणि अर्ज ‘अवैध तारीख’ म्हणून परत येतो. नेपाळी, बंगाली, अरबी, फारसी वापरणाऱ्यांचीही हीच रड आहे. यंत्रासाठी तारीख बनवताना भाषा स्पष्टपणे तटस्थ ठरवून द्या, असं अँड्रॉइडचे कर्ते स्वतःच बजावतात. ॲप बनवणाऱ्यांच्या टेबलावर मराठीत लावलेला एकही फोन नसतो, हे दुखण्याचं खरं मूळ. या प्रस्तावनेतले अंक देवनागरी आहेत, कारण ती माणसांनी वाचायची आहे. पुढच्या प्रकरणांतल्या कोडमधले अंक तसे नाहीत.

माणसाला तारीख दाखवायची तर महिना नावाने लिहावा, हा माझा आग्रह आहे. ‘५ जाने. २०२४’ यात पुणेकर आणि न्यूयॉर्ककर दोघेही गोंधळत नाहीत. वेळेबाबत आपली भाषा श्रीमंत आहे. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे दिवसाचे तुकडे सीएलडीआरमध्ये मराठीसाठी नोंदलेले आहेत, तरी बहुतेक मराठी ॲप एएम-पीएमवर भागवतात. पहाटे चारची गाडी आणि दुपारी चारची गाडी यांत फरक करायला ते पुरतं खरं. रात्री बाराला मात्र ते हमखास तोंडघशी पडतं. ‘१२ एएम, ५ जानेवारी’ ही चार तारखेची रात्र की पाचची, हे प्रवाशाने तिकीट हातात धरून ओळखत बसायचं. बस कंपनीने २३:५९ किंवा ००:०१ ची वेळ दिली तर हा वाद उद्भवतच नाही.

माणसासाठी बनवलेला प्रोग्राम यंत्राचा माल वाचायला बसला की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण जनुकांचं आहे. ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशी नावं असलेली जनुकं एक्सेलमध्ये टाकली की ती निमूटपणे २ सप्टेंबर आणि १ मार्च होत. २०१६ साली ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका आढळल्या. अखेर २०२० साली मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा तसाच राहिला. याच एक्सेलच्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही आहे; लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली चूक जुन्या फाइली चालाव्यात म्हणून त्याने जाणूनबुजून जपली.

जुन्या तारखांचं प्रकरण मी सर्वांत आवडीने लिहिलं आहे. शिवजन्माची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही ज्युलियन कॅलेंडरातली तारीख. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार. आयएसओ ८६०१ मात्र ग्रेगोरियन कॅलेंडरच मागे ताणत नेतं, मग ते तेव्हा त्या मुलखात चालत असो वा नसो. त्या हिशेबाने १९ फेब्रुवारी १६३० ला वार विचारला तर संगणक मंगळवार सांगतो. शुक्रवार हवा असेल तर दहा दिवस पुढे जाऊन १ मार्च १६३० लिहावं लागतं. जावातला जुना कॅलेंडर वर्ग पोपच्या फर्मानानुसार ऑक्टोबर १५८२ पासून ग्रेगोरियन मानतो. इंग्रजांनी ते कॅलेंडर १७५२ साली घेतलं, म्हणून त्यांच्या वखारींचे त्याआधीचे कागद ज्युलियन तारखांचे आणि पोर्तुगीज गोव्याचे ग्रेगोरियन. मराठ्यांच्या इतिहासाचा डेटाबेस करणाऱ्याने तारखेच्या शेजारी ‘कोणतं कॅलेंडर’ हा रकाना ठेवला नाही, तर सुरत आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशा क्रमाने लागू शकतो. तिथीचं तर विचारूच नका. भारताचं राष्ट्रीय शक कॅलेंडर, जे २२ मार्च १९५७ ला सुरू झालं, ते ग्रेगोरियनशी जखडलेलं असल्याने सॉफ्टवेअरला सोपं जातं आणि बहुतेक ठिकाणी तयार मिळतं. क्षय आणि वृद्धी होणाऱ्या तिथींचं आपलं घरातलं पंचांग अशा साच्यात बसत नाही.

इतिहास इतका जुना असायचीही गरज नाही. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई अडून बसली आणि मुंबईची स्थानिक वेळ तिथे १९५५ पर्यंत चालू राहिली. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. जगातल्या टाइम झोनांची नोंद ठेवणारा जो डेटाबेस बहुतेक यंत्रणा वापरतात, त्यात आपल्यासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा एकच झोन आहे. तो १९७० नंतरच्या फरकांपुरतीच नवी नावं देतो, म्हणून मुंबईच्या त्या ३९ मिनिटांना त्यात स्वतंत्र जागा नाही. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे केली होती, ते मात्र नोंदलेलं आहे. १९४८ साली मुंबईत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका सॉफ्टवेअरवर काढणाऱ्याने जन्मवेळ कोणत्या घड्याळावर पाहिली होती ते आधी विचारावं. ग्रहांवर विश्वास असो वा नसो, हिशेबाचा प्रश्न खरा आहे.

भविष्यातल्या वेळांना टाइम झोनचं हेच नाव उपयोगी पडतं. ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा उपदेश होऊन गेलेल्या क्षणांसाठी उत्तम आहे, पण पुढे व्हायच्या गोष्टींना तो पुरत नाही. पुण्यातल्या शिक्षिका न्यू जर्सीतल्या मुलांना दर रविवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सातला मराठी शिकवतात, तो वर्ग तिकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला भरतो आणि हिवाळ्यात साडेआठला. वेळ कोणाच्या घड्याळाला बांधली आहे हे साठवलं नाही तर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अर्धा वर्ग चुकीच्या वेळी हजर. सरकारं तर नियमच बदलतात: सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली. त्यामुळे अशा नोंदीत स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव दोन्ही हवीत. नुसतं +०५:३० पुरत नाही. हे नाव लिहायची सर्वमान्य जागा आरएफसी ३३३९ मध्ये नव्हती. एप्रिल २०२४ मधल्या आरएफसी ९५५७ ने ती दिली, वेळेच्या शेवटी चौकटी कंसात. त्या कंसात काही ब्राउझर अजून ‘एशिया/कलकत्ता’ हे जुनंच नाव भरून पाठवतात. डेटाबेस दोन्ही नावं एकच मानतो, तुमच्या कोडनेही मानावीत. ते कसं करायचं, ते अकराव्या प्रकरणात.